बीएस्सी पास होणं सोपं, विषय येणं अवघड: तीन वर्षांत काय काय समोर येतं

तुझा प्रश्न मोठा होता. आधी तो चार ओळींत मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ कळेल. बारावी सायन्स, दहावीपर्यंत सेमी इंग्रजी, ६८ टक्के. सीईटीत मनासारखे गुण पडले नाहीत आणि मॅनेजमेंट कोट्यातून इंजिनिअरिंगला जावं अशी घरची परिस्थिती नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी बीएस्सीच्या यादीत नाव लागलंय, गावाहून एस.टी.ने तासभर. मामा म्हणतात, बीएस्सी म्हणजे तीन वर्षं टाइमपास. तुला विचारायचंय की अभ्यास किती अवघड असतो, रोज किती वेळ द्यावा लागतो, इंग्रजी झेपेल का, पुढे काय, आणि फिजिक्स घ्यावं की केमिस्ट्री.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अनुदानित कॉलेजात फिजिक्स शिकवते, बरीच वर्षं झाली. तुझ्या वयाची मुलं रोज समोर असतात, म्हणून एकेरीतच लिहिते. मामांवर रागावू नकोस. त्यांनी जे पाहिलंय त्यावरून ते बोलताहेत आणि ते पूर्ण खोटंही नाही.

बीएस्सीत दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात आणि त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो. एक, परीक्षा पास होणं. दुसरी, विषय येणं. पास होणं तुला जड जाणार नाही. मागच्या काही वर्षांचे पेपर, झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्स आणि परीक्षेआधीचे पंधरा दिवस, एवढ्यावर बरीच मुलं पास होतात, ग्रेडही बऱ्यापैकी पडते. विषय येणं मात्र बारावीपेक्षा पुष्कळ अवघड. आणि तो तुला आला की नाही हे तीन वर्षांत कुणी फारसं विचारत नाही. विचारतात ते शेवटी, एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेत किंवा एखाद्या कंपनीच्या मुलाखतीत. मामांनी पाहिलेली मुलं बहुधा पहिल्या वाटेनं गेलेली असावीत. त्यामुळे अभ्यास अवघड आहे का, यापेक्षा कुणीच मागे लागणार नाही तेव्हा मी काय करायचं, हा तुझा खरा प्रश्न आहे असं मला वाटतं.

बऱ्याच गोष्टी कॉलेजवर आणि विद्यापीठावर अवलंबून असतात, हे आधीच सांगून टाकते. विषयाला कायम प्राध्यापक आहेत की सगळे तासिका तत्त्वावर (म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर), तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित, प्रयोगशाळेतली उपकरणं चालू स्थितीत आहेत की कपाटात, अंतर्गत आणि विद्यापीठाच्या परीक्षेतली गुणांची वाटणी कशी, एटीकेटीचे (काही विषय राहूनही पुढच्या वर्गात जाण्याचे) नियम काय, हे सगळीकडे सारखं नाही. तासिका तत्त्वावरचे शिक्षक कमी हुशार असतात असं अजिबात नाही. माझ्या पाहण्यातले काही उत्तम शिक्षक त्यांच्यातलेच आहेत. पण ते पुढच्या वर्षी त्याच कॉलेजात असतील याची खात्री नसते, आणि आपल्याला ओळखणारा शिक्षक सलग तीन वर्षं मिळणं ही मोठी गोष्ट असते. प्रवेशाच्या दिवशी ऑफिसातून परस्पर घरी जाऊ नकोस. डिपार्टमेंटला जा, शिक्षकांना भेट आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला विचार की प्रॅक्टिकल खरोखर होतात का. या एका प्रश्नाच्या उत्तरातून कॉलेज कसं आहे ते बऱ्यापैकी कळतं.

आता पहिले दोन-तीन महिने. याबद्दल मुलांना कुणीच सांगत नाही म्हणून मी थोडं जास्त लिहिते. इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंगचे कॅप राउंड (केंद्रीय प्रवेश फेऱ्या) संपेपर्यंत एफवायचा, म्हणजे पहिल्या वर्षाचा, वर्ग हलता असतो. जुलैत ज्या मुलीशेजारी बसलीस ती ऑगस्टात दाखला काढून निघून जाते. काही जण नीट पुन्हा देणारे असतात. त्यांनी नाव नुसतं घालून ठेवलेलं असतं, ती वर्गात दिसतच नाहीत. राहिलेल्यांना वाटतं, हुशार होते ते गेले, आपण उरलो. ही भावना फार नुकसान करते. तिच्यापायी मुलं पहिलं सत्र हातचं घालवतात आणि नेमकं त्याच सत्रात पुढच्या सगळ्या विषयांचा पाया असतो. दरवर्षी मी बघते, सप्टेंबरनंतर वर्ग स्थिरावतो आणि दहा-बारा मुलं अशी निघतात की ज्यांना खरंच शिकायचं असतं. ती शोध. त्यातल्या तीन-चार जणांशी जमलं की अर्धं काम झालं. या विषयांचा अभ्यास एकट्यानं फार पुढे जात नाही. गणित अडलं की विचारायला माणूस लागतो.

दुसरं आश्चर्य वेळापत्रकाचं असेल. नवीन शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आपल्याकडे स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आला. एका सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट. त्यात मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह, भाषा, इंडियन नॉलेज सिस्टिम, व्हॅल्यू एज्युकेशन, शिवाय एनएसएस किंवा खेळ असं बरंच काही असतं. त्यामुळे फिजिक्स शिकायला आले आणि आठवड्यात फिजिक्सच कमी, असं तुला नक्की वाटणार. हिशेब करून बघ. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तास, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. दोन क्रेडिटचा पेपर असेल तर शिक्षकांच्या हातात कागदावर ३० तास. त्यातून गणपती, युवा महोत्सव, अंतर्गत परीक्षा आणि निवडणुकीची ड्युटी वजा कर. बारावीला हाच मजकूर क्लासमध्ये तुला तीनदा घोटून घेतला असेल. इथे तो एकदा, भराभर, फळ्यावरून निघून जातो. उदाहरणं सोडवून घ्यायला वर्गात वेळच नसतो. ती तू घरी सोडवायची, हे गृहीत धरलेलं असतं आणि तसं कुणी सांगत नाही.

म्हणून रोज किती वेळ, याचं माझं उत्तर असं: सत्र सुरू झाल्यापासून रोज दीड ते दोन तास, आणि त्यातला निदान एक तास हातात पेन घेऊन. नुसत्या वाचनाला मी अभ्यास धरत नाही. तुझा प्रवासच दोन तासांचा आहे. प्रॅक्टिकल दुपारी असतं, ते संपून सुटेपर्यंत संध्याकाळ होते. शेवटची गाडी किती वाजता आहे ते बघून पहिल्याच आठवड्यात सकाळची बॅच मागून घे. बाहेरगावच्या मुलींना बहुतेक ठिकाणी ती देतात, पण मागावी लागते. लेक्चर आणि प्रॅक्टिकल यांच्यात दोन-दोन तासांची जी गॅप पडते ती कॅन्टीनमध्ये जाते. आठवड्यातले तीन दिवस ती ग्रंथालयात काढलीस तर गाडीत गेलेला वेळ भरून निघेल. हजेरी साधारण ७५ टक्के लागते. ती भरली नाही तर टर्म अडते, मग अर्ज-विनंत्या सुरू होतात. त्या वाटेला जाऊच नकोस.

प्रॅक्टिकलबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण विज्ञानाच्या पदवीत दुसरीकडे कुठे मिळणार नाही असं जे आहे ते तिथेच आहे, आणि सगळ्यात जास्त फसवाफसवीही तिथेच चालते. सिनियरचं जर्नल (प्रयोगवही) घ्यायचं, त्यातली रीडिंग थोडी इकडे-तिकडे करायची, आलेख सरळ रेषेत बसवायचा आणि सबमिशनच्या आदल्या रात्री सर्टिफाय होण्यापुरतं जर्नल पूर्ण करायचं, ही पद्धत जवळजवळ सगळीकडे आहे. शिक्षकांना कळत नाही असं नाही. मला तर आकडे बघून लगेच कळतं.

साध्या लंबकाचंच घे. लांबी १०० सेंटीमीटर, मीटरपट्टीनं मोजताना एक मिलिमीटर इकडे-तिकडे, म्हणजे ०.१ टक्के. वीस आंदोलनांना साधारण ४० सेकंद लागतात. स्टॉपवॉच दाबताना आपल्या हातून ०.२ सेकंदाची चूक सहज होते, म्हणजे ०.५ टक्के. जी (गुरुत्वीय त्वरण) काढताना आवर्तकालाचा वर्ग येतो, तेव्हा ती दुप्पट होऊन १ टक्का. याचा अर्थ या प्रयोगातून आलेल्या उत्तरात दहा सेंटीमीटर प्रति सेकंद वर्ग इतकी अनिश्चितता असणारच. आता एखाद्याच्या जर्नलमध्ये उत्तर बरोब्बर ९८१.० आलेलं असतं. महाराष्ट्रात जी ची खरी किंमत ९७८-९७९ च्या आसपास आहे. ९८१ हा पुस्तकातला आकडा, तो उत्तरेकडच्या अक्षांशांना जास्त जवळचा. म्हणजे या मुलानं प्रयोग न करता पुस्तक मोजलं! त्याच्या शेजारणीचं उत्तर ९७० आलंय, खाली तिनं लिहिलंय की वेळ मोजण्यातल्या चुकीमुळे उत्तर दहानं कमी-जास्त असू शकतं, वीसऐवजी पन्नास आंदोलनं घेतली तर ही चूक निम्म्याहून कमी होईल. माझ्या लेखी हिला फिजिक्स येतं. गुण मात्र दोघांना सारखेच पडण्याची शक्यता आहे, हेही खरं.

केमिस्ट्रीतही हेच. ब्युरेटवर ०.१ मिलिलिटरच्या खुणा असतात, रीडिंग १० मिलिलिटरच्या आसपास आलं की एका खुणेची चूक म्हणजे १ टक्का. ही गोष्ट ज्या मुलीच्या हातात बसते तिला पुढे कंपनीच्या क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या) लॅबमध्ये कुणी शिकवायला लागत नाही. तेव्हा पहिल्या वर्षापासून एक नियम कर: जे रीडिंग येईल ते पेननं लिहायचं, खोडायचं नाही. उत्तर विचित्र आलं तर का आलं ते शोधायचं. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) बाहेरचे परीक्षक लीस्ट काउंटपासून, म्हणजे उपकरणानं मोजता येणाऱ्या सगळ्यात लहान मापापासून, सुरुवात करतात आणि दोन प्रश्नांत त्यांना कळतं, प्रयोग कुणी केलाय. आणि लॅब असिस्टंटशी नीट वाग. स्पेक्ट्रोमीटर नीट लावायला मला स्वतःला ज्यांनी शिकवलं ते प्राध्यापक नव्हते.

इंग्रजीची भीती तू फार घेतलीयस असं दिसतं. पहिल्या सत्रात अडेल, तिसऱ्या सत्रापर्यंत त्याची आठवणही राहणार नाही. वर्गात शिकवणं मराठी-इंग्रजी मिसळूनच चालतं आणि शंका मराठीत विचारल्या तर कुणी हसत नाही. पेपर मात्र इंग्रजीत लिहायचा असतो, म्हणून रोज एक व्याख्या किंवा एक सिद्धता पुस्तक मिटून आपल्या इंग्रजीत लिहीत जा. चुकलं तरी चालेल. तयार नोट्स पाठ करणाऱ्या मुलांचं इंग्रजी तीन वर्षांनीही तिथेच असतं.

गणिताची भीती तुझ्या प्रश्नात कुठेच नाही आणि मला काळजी तिचीच वाटते. फिजिक्समध्ये दुसऱ्या वर्षापासून पार्शल डेरिव्हेटिव्ह, डिफरन्शियल इक्वेशन, ग्रेडियंट-डायव्हर्जन्स-कर्ल हे रोजचं होतं. तिसऱ्या वर्षी श्रोडिंजरचं समीकरण येतं, तिथे कल्पना नवीन आणि गणितही जड, दोन्ही एकदम अंगावर येतं. तिसऱ्या वर्षाला येऊन "मला क्वांटम समजत नाही" म्हणणाऱ्या मुलांना मी एखादं साधं इंटिग्रेशन सोडवायला देते. बहुतेकांचं अडलेलं असतं तिथेच. बारावीचं गणित कच्चं राहिलं असेल तर कॉलेज सुरू व्हायच्या आधी जे काही आठवडे आहेत ते त्यालाच दे.

पुढे काय, याचं उत्तर सध्या अर्धंच देता येतं, कारण तू काय होणार हे तुला स्वतःला दुसऱ्या वर्षी कळेल. वाटा सांगते. एम.एस्सी. करायचं तर आपलं विद्यापीठ आहेच, पण आयआयटींतल्या एम.एस्सी.साठीची जॅम ही प्रवेश परीक्षा ध्यानात ठेव. ती फेब्रुवारीत होते, तीन तास, १०० गुण, ६० प्रश्न. फिजिक्सच्या जॅमचा अभ्यासक्रम बराचसा पहिल्या दोन वर्षांतच शिकवून होतो. म्हणूनच जी मुलं तिसऱ्या वर्षी जानेवारीत जागी होतात ती मागे पडतात, आणि जी दुसऱ्या वर्षापासून आठवड्याला दहा प्रश्न सोडवतात ती गावातल्या कॉलेजातूनही जातात. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून संशोधनाची शिष्यवृत्ती देतात. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उपक्रम असतात. निवड होवो न होवो, अर्ज भरताना आपण काय शिकलोय हे लिहावं लागतं, तो सराव चांगला. आणि फेब्रुवारीच्या शेवटी विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ठिकाणी प्रदर्शन असतं, तिथे एकदा जाऊन ये. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या शेतांमध्ये उभ्या आहेत आणि तिथे काम करणारी काही माणसं बीएस्सीच्याच वाटेनं आलेली आहेत.

नोकरीचं म्हणशील तर केमिस्ट्रीवाल्यांना पदवीनंतर लगेच दार उघडतं. कुरकुंभ, लोटे, महाड, तारापूर अशा एमआयडीसींतल्या कंपन्यांना क्यूसीत बीएस्सी केमिस्ट्री लागतात. सुरुवातीचा पगार बेताचा आणि शिफ्ट असते, हे घरी आधी सांगून ठेव. फिजिक्सला तसं थेट दार नाही. त्याला एम.एस्सी., बी.एड., एम.सी.ए. किंवा इलेक्ट्रॉनिक्स-कोडिंगची काहीतरी जोड लागते. इंजिनिअरिंगचं मनातून गेलं नसेल तर बारावीला गणित असलेल्यांना बीएस्सीनंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे, त्याची दरवर्षीची पात्रता नीट वाच. स्पर्धा परीक्षाच करायची असं पक्कं असेल तर मात्र मी बीएस्सी सुचवत नाही. प्रॅक्टिकल वेळ खातात आणि दोन्हीकडचं अर्धवट राहतं. प्राध्यापक व्हायचं स्वप्न असेल तर सेट-नेट या पात्रता परीक्षा पास होऊनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं थांबलेली माणसं मी रोज स्टाफरूममध्ये बघते. स्वप्न सोड असं म्हणत नाही, पण ती परिस्थिती बघून ठरव.

चौथ्या वर्षाबद्दलही मुलं विचारतात. तीन वर्षांनी साधी पदवी मिळते, चौथं केलं तर ऑनर्स, आणि मग एम.एस्सी. एका वर्षाचं होऊ शकतं. तुझ्या कॉलेजात चौथं वर्ष चालवण्याइतके शिक्षक आहेत का, यावर ते ठरव. पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायची सोय कागदावर आहे. नाइलाज असल्याशिवाय ती घेऊ नकोस, त्या कागदाला नोकरीच्या बाजारात अजून ओळख नाही. महाडीबीटीचा (सरकारी शिष्यवृत्तीचा) अर्ज मात्र पहिल्या महिन्यात भर. उत्पन्नाचा दाखला आणि आधारला जोडलेलं खातं तयार ठेव, दरवर्षी याच दोन गोष्टींवर मुलं अडकतात.

राहिला फिजिक्स की केमिस्ट्री हा प्रश्न. बऱ्याच कॉलेजांत पहिल्या वर्षी दोन-तीन विज्ञान विषय बरोबर घेता येतात आणि मेजर नंतर पक्कं करता येतं. तुझ्याकडे तशी सोय असेल तर दोन्ही घे आणि वर्षभर बघ, कुठल्या प्रयोगशाळेत वेळ कसा गेला ते कळत नाही. आत्ताच ठरवायचं असेल तर बारावीच्या पुस्तकातलं इंटिग्रेशनचं प्रकरण काढ आणि मागची उत्तरं न बघता दहा गणितं सोडव. सहा-सात सुटली आणि राहिलेल्यांवर अजून बसावंसं वाटलं तर फिजिक्स घे. तिसऱ्या गणितालाच वही मिटावीशी वाटली, किंवा घरी तीन वर्षांनी पगार येणं गरजेचं असेल, तर केमिस्ट्री मेजर आणि फिजिक्स मायनर. आणि मेजर बदलायची शेवटची तारीख कधी आहे ते प्रवेशाच्या दिवशीच ऑफिसात विचारून वहीत लिहून ठेव, ती नंतर नोटीस बोर्डावर कधी लागते आणि कधी निघते ते कळत नाही.